टेबलापलीकडून वाचायची स्क्रीन

दुपारी एकच्या सुमारास तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही चालत्या दवाखान्याबाहेर पाहा. पेशंटांची रांग सरत आलेली असते आणि बाकाच्या टोकाला, नाहीतर जिन्यात, इस्त्रीचा फुल शर्ट, पॉलिश केलेले बूट आणि खांद्याला जड काळी बॅग अशी दोन-तीन तरुण मंडळी उभी असतात : औषध कंपन्यांचे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे एमआर. दारावर पाटी असते : ‘एमआर – मंगळवार व शुक्रवार, १ ते १.३०’. कंपाउंडर मान हलवतो, तिघं एकदमच आत जातात आणि डॉक्टर केसपेपरवरून नजर न काढता म्हणतात, “हं, बोला.”

या ‘बोला’नंतर जे घडतं त्याला औषधांच्या धंद्यात डिटेलिंग म्हणतात. मिनिट-दोन मिनिटांचा मामला. डॉक्टरांना जेवायचं असतं, त्याआधी वॉर्डात एक चक्कर मारायची असते, आणि समोरच्या तिघांपैकी दोघांच्या बॅगेत एकाच औषधाचे दोन वेगळे ब्रँड असतात. एवढ्याशा वेळासाठी हेड ऑफिसात ब्रँड मॅनेजर, मेडिकल विभाग आणि बाहेरची एजन्सी महिनोन्‌महिने खपून जे तयार करतात, ते म्हणजे टॅबवरचं सादरीकरण. विक्रीच्या बोलण्यासाठी स्क्रीन कशी रचावी, हा प्रश्न विमावाल्यांना पडतो, बिल्डरांना पडतो, ट्रॅक्टरच्या शोरूमलाही पडतो. पण त्याची खरी परीक्षा दवाखान्यात होते. कारण इथे ऐकणारा विकणाऱ्यापेक्षा त्या विषयात जास्त शिकलेला असतो, घाईत असतो, आणि वस्तूचे पैसे त्याच्या खिशातून जाणार नसतात. त्याला भुलवणं अवघड आणि कंटाळा आणणं फार सोपं.

टॅब येण्याआधी बॅगेत व्हिज्युअल एड असायचं. अजूनही कित्येक बॅगांत असतं. जाड, चकचकीत पानांचा फोल्डर. तो कसा धरायचा हे ट्रेनिंगमध्ये घोटून घेतात. फोल्डर डाव्या हातावर, पान डॉक्टरांकडे. उजव्या हातात टोपण लावलेलं पेन, आणि पेनाचं टोक बोलल्या जाणाऱ्या शब्दाखालून सरकत जाणार. बोटाने दाखवायचं नाही, कारण बोटाखाली मजकूर झाकला जातो आणि ते बरंही दिसत नाही. पान डॉक्टरांकडे वळलेलं असल्यामुळे एमआरला स्वतःला ते उलटं किंवा तिरकं दिसतं, म्हणून सगळं पाठ. नवखा एमआर रात्री लॉजवर आरशासमोर उभा राहून हे घोटत असतो. फोल्डरची आणखी एक सोय होती, जिच्याकडे तेव्हा कोणाचं लक्ष गेलं नाही : “हे ठाऊक आहे, पुढे चला” असं डॉक्टर म्हणाले की पाच पानं एका झटक्यात उलटता यायची.

२७ जानेवारी २०१० रोजी स्टीव्ह जॉब्झने सॅन फ्रान्सिस्कोत आयपॅड दाखवला, तोही मंचावर ठेवलेल्या आरामखुर्चीत रेलून. या यंत्राबरोबर माणूस निवांत बसेल, असं त्यातून सांगायचं होतं. ३ एप्रिलला तो अमेरिकेत विक्रीला आला, आपल्याकडे २०११च्या जानेवारीत. औषध कंपन्यांनी त्याला फार लवकर उचललं, आणि बहुतेकांनी पहिलं काम काय केलं, तर फोल्डरची पीडीएफ त्यात भरली. चौदा पानं कागदावर होती, ती चौदा पानं काचेवर आली. पाच पानं एकदम उलटायची सोय गेली. आता एकेक पान सरकवत जायचं. पेनही गेलं. त्या काचेला बंद पेनाचं काही सोयरसुतक नाही, आणि हाताच्या सवयीने बोट टेकवावं तर पानच उडी मारतं. निवांत रेलून वापरायचं यंत्र जिन्यातून धावत आलेल्या माणसाच्या हातात गेलं, आणि त्याच्यासाठी म्हणून त्यात काहीच बदललं नाही.

हे असं का झालं, हे समजायला १९८७ सालात जावं लागतं. त्या वर्षी मॅकिंटॉश संगणकासाठी दोन सॉफ्टवेअर आली. एप्रिलमध्ये फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीने पॉवरपॉइंट आणलं. कल्पना रॉबर्ट गॅस्किन्सची. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक पानांसाठी काळा-पांढरा मजकूर छापून देणं, एवढंच पहिल्या आवृत्तीचं काम. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला घेतली. ऑगस्टमध्ये अ‍ॅपलने बिल अ‍ॅटकिन्सनचं हायपरकार्ड आणलं. त्यात पानांऐवजी कार्डं होती, कार्डावर बटणं होती, आणि बटण दाबलं की गठ्ठ्यातल्या कुठल्याही कार्डावर जाता येत असे. कोणतं कार्ड पहिलं आणि कोणतं शेवटचं, याला फारसा अर्थ नव्हता. १९९३ साली गाजलेला ‘मिस्ट’ हा खेळ हायपरकार्डावरच उभा होता.

पॉवरपॉइंट जगभर पसरलं. हायपरकार्डाची विक्री २००४ साली थांबली. त्यामुळे आज ऑफिसात काम करणाऱ्या कोणालाही ‘प्रेझेंटेशन’ म्हटलं की एकामागून एक येणाऱ्या स्लाइड आठवतात. सभागृहात एक बोलतो आणि शंभर ऐकतात, तिथे ही रांग ठीकच आहे. पण दोन माणसांच्या बोलण्यात रांग चालत नाही. तिथे पुढचा विषय ऐकणारा ठरवतो. जुने कीर्तनकार आख्यान मुखोद्गत ठेवून निघायचे, पण समोर कोण बसलंय हे पाहून दृष्टान्त बदलायचे, आणि पानतंबाखूची चुळबुळ सुरू झाली की थेट शेवटाकडे यायचे. टॅबवरच्या सादरीकरणाला हे करता आलं पाहिजे, म्हणजेच त्याची घडण पॉवरपॉइंटपेक्षा हायपरकार्डाच्या जवळची हवी. गंमत अशी, की त्यासाठी लागणारं तंत्र कंपन्यांकडे आधीपासून असतं. २००७ साली निघालेल्या व्हीवासारख्या कंपन्यांच्या प्रणालीत प्रत्येक स्लाइड ही एक स्वतंत्र छोटी वेब-पानांची झिप फाइल असते. ती कुठल्याही दुसऱ्या स्लाइडला जोडता येते. मोटार दिलेली आहे, आपणच तिला बैल जुंपून चालवतो आहोत.

मग अशी घडण करायची कशी? सुरुवात डॉक्टरांच्या प्रश्नांपासून करावी. समजा, औषध अटॉर्व्हास्टॅटिन आहे. कोलेस्टेरॉल कमी करणारं, शेकडो कंपन्यांच्या ब्रँडमध्ये मिळणारं, डॉक्टरांच्या पेनाला पाठ झालेलं. ब्रँड मॅनेजरचा आराखडा बहुतेक वेळा असा निघतो : आजार किती गंभीर आहे, औषध यकृतात नेमकं काय करतं त्याचं फिरतं अ‍ॅनिमेशन, मग चाचण्या, मग ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरात. यातलं पहिलं आणि दुसरं डॉक्टर एमबीबीएसला शिकलेले असतात. त्यांचे खरे प्रश्न कोणत्याही अनुभवी एमआरला झोपेत विचारा : “स्ट्रिप दहाची की पंधराची? रेट काय? समोरच्या मेडिकलला आहे का? ऐंशी वर्षांच्या आजींना दहा द्यायची की वीस? रात्रीच घ्यायला हवी का? पाय दुखतात म्हणणाऱ्या पेशंटचं काय करू?” हे प्रश्न वहीत लिहून काढावेत, एकसारखे एकत्र करावेत, आणि जे चार-पाच गट उरतील तीच पहिली स्क्रीन : कोणाला द्यायचं, किती आणि कधी, पुरावा, त्रास आणि खबरदारी, किंमत आणि कुठे मिळेल. पाच चौकोन. “सर, यातलं कुठलं सांगू?” एवढं एक वाक्य. डॉक्टरांनी किमतीकडे बोट दाखवलं तर किंमत. बाकीची चार दारं बंद राहिली तरी कॉल, म्हणजे ही भेट, वाया गेला असं नाही.

ब्रँडवाल्यांना हे पटत नाही. “पहिल्या स्क्रीनवर किंमत? मग आमचा मेसेज कधी पोचणार?” मेसेज पोचत नाही हे खरं; पण चौदा स्लाइडच्या रांगेत तो दहाव्या स्लाइडवर असतो आणि कॉल तिसऱ्या स्लाइडला संपतो, हेही खरं. डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देताना सांगितलेली गोष्ट लक्षात राहते. न विचारता सांगितलेली गोष्ट, ती कितीही रंगीत असली तरी, भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी नजरेखालून निघून जाते.

किमतीच्या चौकोनामागे एक कंटाळवाणं पण जीव तोडून सांगावं असं पथ्य आहे : किंमत चित्रात कोरायची नाही. अटॉर्व्हास्टॅटिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली त्याची कमाल किंमत सरकार ठरवतं आणि ती बदलत राहते. एजन्सी सुंदर स्लाइड बनवून ती अख्खी चित्र म्हणून देते; किंमत बदलली की पुन्हा डिझायनर, पुन्हा मंजुरी, तोपर्यंत शेकडो टॅबवर जुनी किंमत. आकडा वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवला, तर रात्री लॉजच्या वायफायवर तो आपोआप बदलतो. हेच कुठल्या केमिस्टकडे माल आहे याचं. एमआर केमिस्टच्या काउंटरवर आरसीपीए करतो, म्हणजे कोणत्या डॉक्टरांची कोणती औषधं तिथून जातात याची नोंद घेतो. तेव्हाच शेल्फवर काय आहे तेही त्याला दिसतं. त्याने सकाळी स्वतः भरलेली “समोर आहे, स्टॅंडजवळच्या दुकानात उद्या येईल” ही ओळ एजन्सीच्या सगळ्या ग्राफिकपेक्षा जास्त कामाची आहे.

आता त्या खोलीत जाऊ या, कारण निम्मी डिझाइन खोली ठरवते. डॉक्टरांच्या टेबलावर काच असते, काचेखाली कॅलेंडर आणि लेकराचा फोटो, आणि डोक्यावर ट्यूबलाइट. टॅब काचेवर आडवा ठेवला की ट्यूब सरळ स्क्रीनमध्ये उतरते. स्क्रीनची पार्श्वभूमी काळी असेल, तर डॉक्टरांना त्यात स्वतःचा चेहरा आणि छताचा पंखा दिसतो. एजन्सीला काळी पार्श्वभूमी फार आवडते. कॉन्फरन्स रूमच्या अंधारात ती खरंच देखणी दिसते. दवाखान्यात पांढरी हवी, त्यावर गडद अक्षरं, आणि मंजुरीची बैठक ट्यूबखाली, टॅब टेबलावर आडवा ठेवून व्हावी.

कित्येकदा बसायला खुर्चीच नसते. एमआर उभा राहून बोलतो, टॅब हातावर, डॉक्टरांच्या डोळ्यांपासून जवळजवळ एक मीटरवर. एवढ्या अंतरावरून आरामात वाचायचं तर मोठ्या अक्षराची उंची पाच-सहा मिलिमीटर लागते. पहिल्या आयपॅडची स्क्रीन सुमारे १९७ बाय १४८ मिलिमीटरची होती. दोन ओळींत नीट मोकळी जागा सोडली, तर अशा स्क्रीनवर सहा-सात ओळी मावतात, त्याही छोट्या. म्हणजे एका स्क्रीनवर एक उत्तर आणि त्याचा आधार, बस्स. तपशील हवा असेल तर उत्तरावर टेकलं की उघडावा.

बटणांचं काय? अ‍ॅपलच्या मार्गदर्शिकेत बटण किमान ४४ बाय ४४ पॉइंटचं असावं असं म्हटलंय. पहिल्या आयपॅडवर ते साडेआठ मिलिमीटर भरतं. पण ते यंत्र स्वतःच्या हातात, स्वतःकडे तोंड करून धरणाऱ्यासाठी. इथे एमआरची नजर डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आहे आणि टॅब त्याला उलटा दिसतोय. त्याला याच्या दुप्पट बटण द्यावं. आणि ते ठेवायचं कुठे? कोणताही डिझायनर सवयीने तळाला ठेवतो. पण टॅब टेबलावर डॉक्टरांकडे तोंड करून असेल, तर त्यांचा तळ म्हणजे एमआरचं सर्वांत लांबचं टोक. तिथवर पोचायला त्याला अख्ख्या स्क्रीनवरून हात न्यावा लागतो, म्हणजे नेमका मजकूर झाकला जातो आणि डॉक्टरांना घड्याळाचा पट्टा दिसतो. बटणं वरच्या कडेला घ्या. ती एमआरच्या पोटाशी येतात. त्याच पट्टीत, एमआरला सुलटी दिसतील अशी, दोन-तीन शब्दांची आठवण छापता येते. डॉक्टरांना ती उलटी दिसते आणि कोणी वाचत नाही. माझ्या मते टॅबच्या डिझाइनमधली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित युक्ती हीच.

पेनाची सोयही परत आणता येते. स्क्रीनचा मधला भाग ‘मुका’ ठेवायचा : तिथे बोट टेकलं तर पान हलणार नाही, फक्त बोटाच्या थोडं वर एक फिकट पिवळी पट्टी उमटेल आणि बोट उचललं की विरून जाईल. डॉक्टरांना नेमकी ओळ दिसते, हात सवयीप्रमाणे चालतो. पान बदलायचं ते फक्त कडेच्या बटणांनी. स्वाइप करून पान उलटणं मी तरी बंदच ठेवीन. तिघं एमआर खांद्याला खांदा लावून उभे असताना शर्टाची बाही लागूनसुद्धा स्वाइप होतो.

बाकीच्या गोष्टी सामान्य अकलेच्या आहेत, म्हणूनच राहून जातात. सगळं ऑफलाइन चाललं पाहिजे. तळघरातल्या दवाखान्यात रेंज नसते. आवाजाचा व्हिडिओ नको. मध्येच डॉक्टरांचा फोन वाजला, सिस्टर डोकावली, तर दोन मिनिटांनी स्क्रीन होती तिथेच असावी. आपोआप पुढे सरकणारं अ‍ॅनिमेशन रिकाम्या खुर्चीला गोष्ट सांगत बसतं. आणि बाहेर बाकावर असतानाच पहिली स्क्रीन उघडून ठेवता यावी. आत जाऊन पासवर्ड घालणाऱ्याचा निम्मा कॉल तिथेच संपतो.

पुराव्याचा चौकोन मात्र सावकाश पाहावा असा आहे. इथे टॅब कागदापेक्षा खरोखर सरस ठरू शकतो, आणि इथेच तो जास्त सफाईने फसवूही शकतो. अटॉर्व्हास्टॅटिनची एक मोठी चाचणी २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली, तिचं नाव अ‍ॅस्कॉट. रक्तदाब असलेली आणि हृदयविकाराचा धोका वाढवणारी आणखी किमान तीन कारणं असलेली १०,३०५ माणसं. काहींना रोज १० मिलिग्रॅम गोळी, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची. चाचणी पाच वर्षं चालायची होती. फायदा स्पष्ट दिसल्यामुळे साधारण ३.३ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर थांबवली. औषध घेणाऱ्यांत हार्ट अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू अशा १०० घटना, न घेणाऱ्यांत १५४. प्रमाण काढलं तर धोका ३६ टक्क्यांनी कमी.

‘३६ टक्के’ हा आकडा खोटा नाही. पण त्याच निकालाचं दुसरं रूप असं : औषध न घेणाऱ्या शंभरांपैकी तिघांच्या बाबतीत अशी घटना घडली, घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे दोघांच्या. अमेरिकेत फायझरच्या लिपिटॉर या अटॉर्व्हास्टॅटिनच्याच ब्रँडच्या जाहिरातींत ३६ टक्के ठळक अक्षरात असायचं आणि शेजारच्या फुलीचा खुलासा, म्हणजे तीन आणि दोन, खाली बारीक टाइपात. कागदावर हे दोन आकडे एकमेकांपासून लांब ठेवले गेले. टॅबवर ते एकाच जागी, एकाच स्पर्शात दाखवता येतात. मघाच्या १९७ बाय १४८च्या स्क्रीनवर आडवे ४० आणि उभे २५ असे हजार ठिपके बसतात. प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ पाच-सहा मिलिमीटरची जागा येते, म्हणजे ते मोजताही येतात. सगळे राखाडी, त्यातले एका कोपऱ्यात एकत्र ठेवलेले ३० लाल. बोट टेकलं की त्यांतले ११ हिरवे होतात, १९ लालच राहतात. खाली एक ओळ : १००० माणसं, सुमारे ३.३ वर्षं. ठिपके विखरून ठेवले तर दैवाचा खेळ जास्त चांगला कळतो असं काही जण म्हणतात. मला एकत्र ठेवलेले बरे वाटतात, कारण डॉक्टरांना मोजायचे असतात आणि वेळ नसतो.

हे चित्र पाहिल्यावर डॉक्टर दोनपैकी एक गोष्ट म्हणतात. “म्हणजे साधारण नव्वद-पंच्याण्णव जणांना तीन-साडेतीन वर्षं दिली की एकाचा अटॅक टळतो,” किंवा “माझे पेशंट यापेक्षा जास्त धोक्याचे आहेत, त्यांना फायदा जास्त होईल.” दोन्ही वेळा संभाषण सुरू झालेलं असतं. दुसऱ्या वाक्याच्या मोहात पडून एजन्सी लगेच सरकपट्टी देऊ करते : पट्टी उजवीकडे ओढा, पेशंटचा धोका वाढवा, हिरवे ठिपके वाढताना पाहा. फार मोहक खेळणं आहे. पण चाचणीतल्या माणसांवरचा निकाल चाचणीबाहेरच्या माणसांवर ताणून बसवला की तो अंदाज होतो, आणि तो अंदाज आहे हे पट्टी ओढताना कोणी वाचत नाही. मेडिकल विभाग प्रत्येक टोकाच्या आकड्यावर सही करायला तयार असेल तरच ती ठेवावी. नसेल, तर हजार ठिपके पुरेत.

आलेखांबद्दल एवढंच सांगतो की दांड्या शून्यापासून उगवल्या पाहिजेत. ८० पासून सुरू होणाऱ्या आलेखात ८४ आणि ८८ यांच्यातला फरक दुपटीचा दिसतो, आणि टॅबवर त्या दांड्या हळूहळू वाढताना दाखवल्या की आणखीच. डॉक्टर बोलून दाखवत नाहीत. पुढच्या वेळी नुसतं “ठेवून जा” म्हणतात.

सरकारी नियमही आता यात आले आहेत. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने औषध विपणनाची एकसमान आचारसंहिता आणली. तीत भेटवस्तूंपासून नमुन्यांपर्यंत बरंच आहे, पण डिझाइनच्या कामाचं असं : ‘सुरक्षित’ हा शब्द अटी-मर्यादा न सांगता वापरायचा नाही, औषधाला दुष्परिणाम नाहीत असं ठाम म्हणायचं नाही, देशात वर्षाहून जास्त काळ मिळत असलेल्या औषधाला ‘नवीन’ म्हणायचं नाही, दुसऱ्या कंपनीच्या ब्रँडचं नाव तिच्या संमतीशिवाय तुलनेत घ्यायचं नाही, आणि माहिती समतोल हवी. हा शेवटचा शब्द कागदावर आणि काचेवर वेगळा वागतो. कागदाच्या एकाच पानावर फायदा आणि त्रास दोन्ही छापले की समतोल झाला. टॅबवर फायदा पहिल्या स्पर्शाला आणि त्रास तिसऱ्या स्पर्शाला, एका ‘आय’च्या इवल्या खुणेमागे, असं सहज घडतं, आणि तपासणीला दाखवायला माहिती ‘आहे’च. माझा नियम साधा आहे : फायद्यापर्यंत जितके स्पर्श, दुष्परिणामांपर्यंत तितकेच. म्हणूनच मघाच्या पाच चौकोनांत ‘त्रास आणि खबरदारी’ हा स्वतंत्र चौकोन आहे, आणि स्नायुदुखीची स्क्रीन त्यात पहिली. शिवाय स्लाइडला संपण्याची तारीख हवी. मंजुरी मागे घेतलेली स्लाइड रेंज नसलेल्या टॅबवर महिनोन्‌महिने जिवंत राहते; तारीख उलटली की ती स्वतःहून मिटली पाहिजे.

औषधांच्या बाहेर गेलं की काही गोष्टी उलट्या होतात. विमा प्रतिनिधीच्या टॅबवर समोरच्याचेच आकडे असतात : वय, हप्ता, मुदत. नियामकाच्या नियमानुसार परताव्याचं उदाहरण ४ आणि ८ टक्के अशा दोन गृहीतकांनी दाखवावं लागतं. इथे टॅब ग्राहकाच्या हातात द्यावा, त्यालाच हप्ता कमी-जास्त करू द्यावा. आणि दोन्ही आकडे शेजारी, सारख्याच टाइपात असावेत. डॉक्टर मात्र एमआरच्या टॅबला सहसा हात लावत नाहीत. त्यांना यंत्र चालवायचं नसतं, उत्तर हवं असतं. फ्लॅटच्या विक्रीत हॉलमधून फिरवून आणणारी थ्रीडी सफर असते, ती पाहायला बरी. पण ग्राहक विचारतो तो रेराचा कार्पेट एरिया, आणि तोच शोधायला सेल्सवाला गडबडतो.

शेवटी मोजमापाचं. कागदी फोल्डरला माहीत नव्हतं की कोणतं पान किती वेळ उघडं होतं. टॅबला सेकंदापर्यंत माहीत असतं. कॉल संपला की प्रत्येक स्लाइडचा वेळ सर्व्हरवर जातो, सोबत डॉक्टरांची प्रतिक्रिया, चांगली, मध्यम की वाईट, अशी एमआरने टिचकी मारून भरलेली. हेड ऑफिसात त्याचे रंगीत तक्ते होतात. चाळीस सेकंद उघडी राहिलेली स्लाइड ‘आवडलेली’ ठरते. त्या चाळीस सेकंदांत डॉक्टर फोनवर बोलत होते, हे तक्त्यात येत नाही. प्रतिक्रिया तर बहुधा संध्याकाळी, एसटी स्टॅंडवर चहा घेताना, डीसीआर, म्हणजे रोजच्या भेटींचा अहवाल, भरताना एकगठ्ठा दिली जाते, आणि ती चांगलीच असते. वाईट लिहून एरिया मॅनेजरचा फोन कोण ओढवून घेणार? सगळ्या स्लाइड दाखवल्याच पाहिजेत असा दट्ट्या वरून आला, तर पार्किंगमध्ये मोटारसायकलवर बसून चौदाच्या चौदा स्लाइड सरकवल्या जातात. सर्व्हरला तो आदर्श कॉल दिसतो.

या सेकंदांपेक्षा एक रिकामी जागा जास्त सांगते. पाच चौकोनांखाली एक सहावी पट्टी ठेवावी : ‘उत्तर नव्हतं असा प्रश्न’. बाहेर आल्यावर एमआर ती दाबतो आणि दोन वाक्यं बोलून ठेवतो, टाइप करायची गरज नाही. मंजूर माहितीच्या पलीकडचे प्रश्न तसेही त्याने स्वतः उत्तर न देता मेडिकल विभागाकडे पाठवायचे असतात; इथे त्यांना वाट मिळते. डॉक्टरांचं नाव त्या तक्त्यात नको, प्रश्न पुरेसा आहे. एका सायकलनंतर, म्हणजे भेटींची एक फेरी संपल्यावर, ती यादी वाचायला घेतली, की त्यात “रात्रीच घ्यायला हवी का?” पुन्हा पुन्हा येताना दिसतो. जुन्या, शरीरात कमी वेळ टिकणाऱ्या स्टॅटिन रात्री देतात, त्या सवयीतून हा प्रश्न येतो. अटॉर्व्हास्टॅटिन दिवसात कधीही घेतलेलं चालतं, रोज साधारण एकाच वेळी घ्यावं. एका ओळीचं उत्तर. पण ते चौदापैकी एकाही स्लाइडवर ठळक नव्हतं. पुढच्या सायकलला ती ओळ ‘किती आणि कधी’च्या पहिल्या स्क्रीनवर येते, आणि तिला जागा करून द्यायला यकृताचं फिरतं अ‍ॅनिमेशन काढावं लागतं. ब्रँड मॅनेजर त्यावर अर्धा तास वाद घालतो, कारण सगळ्यात जास्त पैसे त्याच स्लाइडवर गेलेले असतात.